मामांचे अर्धे सिनेमे

साऱ्या निजामाच्या राज्यात सिनेमा कुणाला खरा कळत असेल तर तो माझ्या मामांना, आणि या मामांनी एक अपवाद सोडला तर एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. यात कुणाला विसंगती वाटली तर वाटो. पुढे मी पुष्कळ समीक्षक पाहिले. ते सिनेमा अखेरपर्यंत पाहतात, त्यावर पानंच्या पानं लिहितात, आणि मामांना मध्यंतरापर्यंत जेवढा कळायचा त्याच्या निम्माही त्यांना कळत नाही. मामा कुंभार पिंपळगाव नावाच्या गावचे, घरची कापूस-ज्वारीची शेती. तिथून जालन्याला यायचं म्हणजे रांजणी स्टेशनापर्यंत बैलगाडी आणि पुढे रेल्वे. एवढ्या खटपटीला काही कारण लागे, आणि कारणांचा मामांकडे तोटा नव्हता. विहिरीचा दोर त्यांच्या गावच्या आठवडी बाजारात ढिगानं मिळे, पण तोच न्यायला ते एका हंगामात चारदा जालन्याला आले होते. मी जालन्यात कापसाच्या पेढीवर कारकून होतो. मामा आधी पेढीवर येत, माझ्यासमोर दोराची गंभीरपणे चौकशी करत आणि तीनच्या खेळाला पळत.

सिनेमाचे त्यांनी तीन जमाने पाडले होते. पहिला मुका. तो त्यांच्या मते खानदानी. "दाखवायचं तेवढं दाखवलं, बाकी तुमच्या अकलेवर सोडलं. उगा बडबड न्हाई," असं ते म्हणत. मग बोलपट आले आणि मामांचं मन काही वर्षं विटलं. पडद्यावरची झाडून सगळी माणसं एकाच फुलदाणीपाशी गोळा होऊन बोलतात, हे त्यांनी दुसऱ्याच बोलपटाला हेरलं. "एवढा मोठा महाल, अन् भांडण करायचं तर त्या फुलदाणीपाशीच? बाकीच्या खोल्या काय भाड्यानं दिल्या का?" फुलदाणीत आवाज पकडायचं यंत्र लपवलेलं असतं हे मी कुठूनसं वाचून त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मंग बराबर हे. पण यंत्राच्या सोयीनं नवरा-बायको भांडायला लागले म्हंजे संसार बुडालाच समज." तिसरा जमाना गाण्यांचा. त्यात नायिकेला तहान लागली तरी ती आधी गाणं म्हणते आणि मग पाणी पिते, अशी त्यांची तक्रार होती. तरी त्या गाण्यांची छापील पुस्तकं ते न चुकता विकत घेत आणि दोराच्या वेटोळ्यात लपवून घरी नेत.

गावी परतले की दुसऱ्या दिवशी पारावर सिनेमा सांगायला बसत. पूर्वार्ध पडद्यावरचा आणि उत्तरार्ध मामांचा. मामांच्या उत्तरार्धात कुणी मरत नसे. क्षयानं खंगलेली पोर गोदाकाठच्या हवेनं बरी होई. विहिरीत उडी टाकलेल्या सुनेला तिथंच जनावरं पाजायला आलेला गुराखी वर काढी. अशा एका सुनेला तर पुढे जुळं झालं आणि बायकांनी त्या जुळ्याची नावंही ठरवली. गावाला याची शंका नव्हती. मलाही नव्हती, कारण मामा मध्यंतराला उठतात हेच मला ठाऊक नव्हतं.

एकदा पेढीच्या कामानं मी स्टेशनावर गेलो, तर मामा बाकावर बसलेले. थिएटरात खेळ अजून अर्धा बाकी होता आणि त्यांची गाडी यायला चांगला दीड तास होता. मी विचारलं तेव्हा आधी म्हणाले, "गाडीसाठी आल्तो." मग माझा चेहरा पाहून खरं बोलले. "पोरगी खोकून राह्यली व्हती. पुढचं मला पाह्याचं न्हाई. हितं बसून तिला बरी करून राह्यलो." मुक्या जमान्यात त्यांनी मामींना एकदाच जालन्याला आणलं होतं. तो खेळ दोघांनी शेवटपर्यंत पाहिला आणि त्यात नायिका मेली. "तुझी मामी आठ दिस जेवली न्हाई. आमची तान्ही पोर त्याच साली गेल्ती. तवा ठरवलं, आपल्या हातानं घरी मरण न्यायचं न्हाई. तू मामीपुढं एक अक्षर बोलू नको." मी शब्द दिला.

तो शब्द जवळजवळ मोडला टुरिंग टॉकीजनं. पिंपळगावच्या बाजारतळावर तंबू लागला आणि नेमका तोच विहिरीचा सिनेमा आला. मामांचा धीर सुटला. त्यांनी मला बोलावून घेतलं. पण मी तरी काय करणार होतो? सारं गाव लोटलं. मामी मात्र डोकं दुखतंय म्हणून घरीच राहिल्या, तेवढाच मामांना दिलासा. सुनेनं विहिरीत उडी टाकली आणि मध्यंतर झालं. मामा सवयीनं उठले आणि तंबूबाहेर माझा हात धरून उभे राहिले. तंबूच्या फटीतून मला दिसत होतं. सून वर आलीच नाही, सासरा रडला, पडद्यावर 'समाप्त' आलं. पण एकही माणूस उठेना. अखेर पाटील उभे राहिले आणि तंबूवाल्याला म्हणाले, "पुढचं रीळ लावा. पोरीला काढायचं राह्यलं."

तंबूवाला शपथा घेऊ लागला की सिनेमा संपला. पाटील म्हणाले, "मामानं जालन्यात पुरा पाह्यलाय. आम्ही खेड्यातले म्हणून कापून दाखवून राह्यले का?" लोक खवळले, तंबूच्या दोऱ्यांना हात घालू लागले. कुणीतरी मामांना आत आणलं. खरं बोलावं तर वीस वर्षांचे सिनेमे बुडतात, आणि खोटं बोलावं तर तंबू. मामांनी रिकाम्या पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "रीळ वाटंत हरवलं आसंल. बिचाऱ्याचा बिलकुल कसूर न्हाई." तंबूवाल्यानं न हरवलेल्या रिळाबद्दल सर्वांची हात जोडून माफी मागितली. गाव समाधानानं घरी गेलं.

त्यानंतर दोन वर्षांनी मामा गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मामी जालन्याला माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "मला सिनेमा दाखव. पुरा." मी घाबरतच नेलं. मध्यंतराला त्या हलल्या नाहीत. शेवटी नायिका मेली तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "मामी, त्रास झाला का? त्या वेळी तुम्ही आठ दिवस जेवला नव्हता म्हणून विचारतो."

"कोण, म्या?" त्या चालता चालता थांबल्या. "जेवले न्हाई ते तुझे मामा. आमची पोर नुकती गेल्ती. रडू रडू त्यांचे डोळे सुजले. भाकरी कुस्करून म्याच चारली. पुढं जालन्याहून यायचे अन् सांगायचे, पोरगी वाचली. म्या म्हणायची, बरं झालं. त्यांना तेवढंच ऐकायचं असायचं."

मी त्यांना गावी पोचवायला गेलो. दारातच शेजारणीनं विचारलं, सिनेमा कसा होता, पोरीचं काय झालं. मामींनी बोचकं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "वाचली." मग त्या आत गेल्या आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या. मला मामांची फार आठवण आली.