चिकावरचा हक्क

कुणी आपल्याला भोळं समजून गंडवायला लागलं, की आपण म्हणतो, मी काय बोळ्यानं दूध पीत नाही. शाळेत मी मुलांना हा वाक्प्रचार शिकवते. पण माझी मुलगी जन्मली त्या सकाळी माझ्या आईनं पिशवीतून खराखुरा बोळा काढला. जुन्या सुती लुगड्याची चिंधी, धुऊन, उन्हात वाळवून, वळून ठेवलेली. सोबत स्टीलच्या छोट्या डब्यात गुळाचं पाणी. पोरीला पहिले तीन दिवस त्यावर ठेवायचं, असं घरात ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी गंगाखेडजवळच्या सासरहून आमच्या गावी आले होते आणि पाथरीला दवाखान्यात बाळंत झाले होते. पोर लहानखुरी होती. तिचं रडणंही बारीक. सिस्टरनं तिला पुसून माझ्या छातीवर ठेवलं आणि सांगितलं, "लगेच पाजा. पिवळं, घट्ट येईल. तेच पाजा." आईनं मान डोलावली. सिस्टर दुसऱ्या खाटेकडे वळली, तसं तिनं डब्याचं झाकण उघडलं.

"आधी चीक पिळून टाक," ती म्हणाली. "नऊ म्हैने कोंडून राह्यलेलं हाय ते. लेकराच्या पोटात गाठी व्हतील. खरं दूध तिसऱ्या दिशी येतं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. कारण चीक म्हणजे काय, हे मला तिनंच शिकवलं होतं. आमच्या घरी शेरडं-मेंढरं. मेंढी व्याली की आई तिच्या सडातून एकच धार जमिनीवर सोडायची, सडाचं तोंड मोकळं व्हावं म्हणून, आणि लगेच कोकराचं तोंड धरून सडाला लावायची. कोकरू उभं राहत नसलं तर मांडीवर घेऊन पाजायची. चीक पोटात गेला नाही तर कोकरू दोन दिवस काढत नाही, असं आम्हाला दरडावून सांगायची. शेजारची म्हैस व्याली की त्या चिकाच्या वड्या आमच्याकडे यायच्या, वेलदोडा घातलेल्या, आणि आम्ही मिटक्या मारत खायचो. जनावराचा चीक कोकराला चालतो, आपल्याला चालतो, बाईचा तेवढा घाण.

हे मी तिथंच बोलले, आणि हळू बोलले नाही.

"माय, कोकराला चीक अन् माझ्या लेकीला गुळपाणी? तिनं तुझं काय घोडं मारलंय?"

"जनावराचं येगळं, बाईचं येगळं. लय शिकलीस तू. तुला बी तीन दिस गुळपाण्यावरच ठिवलं व्हतं. तू न्हाई जगलीस?"

दुपारी गावाकडची जीप आली आणि त्यातून म्हातारी उतरली. ही गावात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी. निम्मं गाव तिच्या पायांवर न्हालेलं आहे, मीसुद्धा. आईनं तिला निरोपातच माझी तक्रार कळवली असणार, कारण तिनं आल्या आल्या वाटी मागितली आणि आईकडून बोळाही घेतला.

"धर वाटी. लाजायलीस काहून? तुझ्या मायनं बी माझ्याम्होरंच पिळून टाकलाय."

आई खिडकीकडे बघायला लागली. मी म्हातारीच्या हातातला बोळा घेतला आणि खाटेखालच्या बादलीत टाकला. वाटी तिच्याच मांडीवर ठेवली. सगळा वॉर्ड आमच्याकडे बघत होता. बघू दे म्हटलं.

"आता उपाशी मारती बघा ही लेकराला," म्हातारी म्हणाली.

शेजारच्या खाटेवर एका मुसलमान घरातली सून होती. तिच्या सासूनंही बाळाला आधी खजूर चाटवला होता, पण मग लगेच उचलून सरळ सुनेच्या अंगावर दिलं होतं. ती सासू मघापासून आमचं भांडण ऐकत होती. "पिला बेटा," ती मला म्हणाली. "बच्ची का हक है. दो बरस का हक है."

हक्क हा शब्द आमच्या घरात फक्त बांधावरून आणि वाटणीवरून भांडताना निघायचा. दुधावर तान्ह्या पोरीचा हक्क असतो, हे मला इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या पुस्तकांनीही नाही. मी पोरीला जवळ घेतलं.

आणि मग ते सोपं नव्हतं, हेही सांगते. पोरीला नीट धरता येत नव्हतं, मला नीट देता येत नव्हतं. दुखून माझे डोळे भरून यायचे. थेंब थेंब पिवळं यायचं आणि ती रडायची. आई दर वेळी म्हणायची, "रडायलंय बघ, भुकेजलंय ते." सिस्टर म्हणायची, तिचं पोट केवढंसं, तिला थेंबच पुरतात, आणि ती ओढेल तसंच दूध वाढेल. मी सिस्टरचं ऐकत होते, पण भीत भीतच. पोर मुळात अशक्त. तिला काही झालं असतं तर जन्मभर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं, आणि मीही दाखवलं असतं. तरी मी हटले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई खाटेच्या कडेला बसून लंगोटांच्या घड्या घालत होती. मी पाजत होते. मान वर न करता ती म्हणाली, "तुझ्याआधी एक पोरगा झाला व्हता मला."

मला हे माहीत नव्हतं. आजवर मी स्वतःला घरातली थोरली समजत होते.

"तीन दिस गुळपाण्यावर व्हता. चवथ्या दिशी माझं दूध भरून आलं, सारा पदर भिजला. त्यानं तोंडच उघडलं न्हाई. आठव्या दिशी गेला." तिनं एक लंगोट घडी केलेला पुन्हा उलगडला. "तू म्हणतीस ते खरं असंल, तर मग म्या काय केलं, सांग."

तेव्हा मला कळलं, ती रीत राखायला भांडत नव्हती. माझं म्हणणं खरं निघालं असतं तर तिला पुढचं आयुष्य त्या खऱ्यासोबत काढावं लागणार होतं. ते पोर कशानं गेलं हे आज कुणीच सांगू शकत नाही. ना डॉक्टर होता, ना कुणी चौकशी केली. तेवढंच मी तिला म्हणाले. आणि म्हणाले, "तुला कुणी सांगितलंच न्हाई, माय."

"मेंढीचं तर मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

मी रडले. पण पोरीला अंगावरून काढलं नाही. आईचं दुःख खरं होतं म्हणून तिचा बोळा बरोबर ठरत नव्हता. माझा रागही गेला नाही. तो आईवरून उठला आणि ज्यांनी बायकांना स्वतःच्या अंगाचीच किळस शिकवली त्यांच्यावर जाऊन बसला. अजून तिथंच आहे.

तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला आणि पोरगी घटाघटा प्यायला लागली. पुढं मी तिला चांगली दोन वर्षं पाजलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या मांडवात, आठवडी बाजारात भाजीवालीच्या पोत्यावर बसून. जुलाबात तिनं बाकी सगळं खाणं-पिणं सोडलं तेव्हा अंगावरचं दूध तेवढं ती घेत राहिली. सेलूच्या एसटीत एक गृहस्थ म्हणाले, "ताई, जरा आडोसा बघायचा." मी म्हटलं, "दादा, तुमी डोळे मिटा, ते सोपं हाय." शाळेतल्या बायका म्हणायच्या, शिकलेल्या असून अजून पाजता? गावात चीक घाण, तालुक्याला आलं की सगळंच दूध गावंढळ. ज्यांना दूध येत नाही किंवा ज्यांना पाजणं जमत नाही, त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांना टोमणे मारणाऱ्यांशीच उलट आहे. पण असलेलं दूध जो लाजेनं नाहीतर भीतीनं वाया घालवायला सांगेल, त्याच्याशी मी भांडणार.

गेल्या हिवाळ्यात माझी भावजय दुसऱ्यांदा बाळंत झाली, या वेळी माझ्या माहेरी. मुलगा झाला. म्हातारी आता थकली आहे, तरी काठी टेकत दवाखान्यात आली, खाटेजवळ बसली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, आधी चीक काढा. भावजयीनं सासूकडे पाहिलं. सुनांना तसंच पाहायला शिकवलेलं असतं. मी तोंड उघडलं, तर आईनं माझ्या दंडाला धरून मला मागं सारलं.

आपल्या त्या गेलेल्या पोराचं आईनं माझ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या भावालाही नाही, आणि तो तिथं दारातच उभा होता.

"माझा थोरला पोरगा दुधाबिगर गेला," ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "ह्याच म्हातारीम्होरं म्या चीक पिळून टाकला व्हता. कशानं गेला, मला ठावं न्हाई. पर पहिल्या दिशी तो माझ्या अंगावर तोंड मारत व्हता. तो मागत व्हता, माझ्यापाशी व्हतं, अन् म्या दिलं न्हाई."

आई सुनेकडे वळली.

"माझ्याकडं काय बघायलीस? पाज त्याला."