लोखंडी पाइप आणि आईचा खांदा

हल्ली नारायण पेठेतसुद्धा कॅफे निघालेत. निघोत बापडे. पण त्यांच्या भिंतींवरून विजेचे पाइप मुद्दाम उघडे फिरवलेले असतात आणि ते पाहिले की माझं डोकं फिरतं. परवा अशाच एका ठिकाणी मैत्रिणीची वाट बघत बसले होते. शेजारच्या पाइपवर सहज टिचकी मारली, तर तो प्लास्टिकचा निघाला, वरून लोखंडी रंग फासलेला. शिवाय छताजवळ तिरका. बाबा असते तर त्यांनी मालकाला बोलावून शांतपणे विचारलं असतं, "हे मुद्दाम केलंय, की जमलं नाही?" मी काही विचारलं नाही.  मला माझ्या आई-बाबांची इतकी आठवण आली की मैत्रीण समोर येऊन बसली तरी तिच्याशी धड बोलता येईना.

बाबा वायरिंगची कामं घ्यायचे. आम्ही सदाशिव पेठेत राहायचो आणि त्यांची बरीचशी कामंही आजूबाजूलाच असत. घरोघरी प्लास्टिकचे पाइप आले, तरी बाबांकडे धातूच्या पाइपांचं काम येत राहिलं. छापखाने, बाइंडिंगवाले, पिठाच्या गिरण्या. अशा ठिकाणी उंदीर फार. प्लास्टिक ते आवडीने कुरतडतात आणि मग आतल्या वायरीवर येतात. लोखंडापुढे मात्र त्यांचं काही चालत नाही. "उंदराला जे कळतं ते आर्किटेक्टला कळत नाही," असं बाबा म्हणायचे, तेही आर्किटेक्टसमोर. त्यामुळे त्यांना नवी कामं कशी मिळायची, हे मला आजही कोडं आहे.

त्यांच्या हाताखाली माणूस टिकत नसे. काम चोख हवं, वेळेवर हवं आणि वर बोलणीही ऐकून घ्यायची, एवढं कोण करणार? असाच एक माणूस भर कामातून निघून गेला, तेव्हा आई म्हणाली, "तुमचा दुसरा माणूस मिळेपर्यंत मी येते." तो दुसरा माणूस कधी मिळालाच नाही. मिळू नये अशी आईचीच इच्छा असावी. पदर खोचून, केसांना रुमाल बांधून ती बाबांच्या स्कूटरवर मागे बसायची आणि तिच्या मांडीवर हत्यारांची पिशवी असायची. शाळेत मला आईचा व्यवसाय विचारला की मी "वायरिंग" म्हणायचे. बाई पुन्हा विचारायच्या, "अगं, वडिलांचा नाही, आईचा." मी पुन्हा तेच सांगायचे. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

दोघांची कामं ठरलेली होती. पाइप कापणं, त्याला आटे पाडणं, गुडघ्याखाली दाबून हवा तसा वाकवणं हे बाबांचं. आईने स्टुलावर उभं राहायचं आणि तो पाइप दोन्ही हातांनी छताला लावून धरायचा. बाबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लाइन बघायला एक डोळा मिटणार. "वर. अजून जरा. नाही, खाली. हां, धर तशीच." मग सावकाश खूण करणार, पुन्हा मागे जाऊन बघणार, मनासारखं झालं नाही की पुन्हा पहिल्यापासून सुरू. आई वर हात करून उभी. छताला एकाच वेळी बरेच पाइप असले की कुठला कुठे निघतो ते कळावं म्हणून बाबा एका टोकावर पेचकस वाजवायचे आणि आई दुसऱ्या खोलीतून उत्तरादाखल तिच्या टोकावर वाजवायची. घरात दोघांचा अबोला असला, आणि तो बऱ्याचदा असायचा, तरी ही टकटक चालू असायची. मी सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा ती बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू यायची आणि मला हायसं वाटायचं.

मी नोकरीला लागून कर्वेनगरात राहायला गेले, त्यानंतर कधीतरी आईचा उजवा खांदा आखडला. तिने कुणाला सांगितलं नाही. मी घरी गेले की ती मला म्हणायची, "तो वरचा डबा काढ गं, तू उंच आहेस." मी काही तिच्याहून उंच नाही. एकदा अंबाडा घालताना ती मान खाली नेऊन केस हातापर्यंत आणत होती, हात केसांपर्यंत जातच नव्हता. तेव्हा मी तिला बळजबरीने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी व्यायाम सांगितले, गोळ्या दिल्या आणि बजावलं, की हा हात डोक्याच्या वर न्यायचा नाही आणि जड तर मुळीच उचलायचं नाही. वयाकडे पाहता पूर्ण बरा होईलच असं नाही, हेही सांगितलं.

बाहेर आल्यावर आई रस्त्यातच थांबली. "मला घरी बसवू नका," ती म्हणाली. "मी भांडी घासत बसले तर वेड लागेल मला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला याआधी कामावर जाताना, येताना, दमलेली, चिडलेली, सगळ्या तऱ्हांनी पाहिलं होतं, पण घाबरलेली पहिल्यांदाच पाहत होते.

बाबांनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि घडी घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी ते एकटेच निघाले. मग महिने गेले. एक माणूस ठेवला, तो गेला. दुसरा ठेवला, तो दुपारच्या जेवणाला गेला तो आलाच नाही. आई घरात पितळेची भांडी इतकी घासायची की त्यांचीच दया यावी.

अशात तिला ॲल्युमिनियमचा शोध लागला. रविवार पेठेत एका ओळखीच्या दुकानात ती स्विच आणायला गेली होती. तिथे कोपऱ्यात ॲल्युमिनियमचे पाइप उभे केलेले दिसले. तिने एक उचलून पाहिला, डाव्या हाताने. लोखंडाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढं वजन असेल. घरी आली ती चेहरा उजळून. रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला.

"अहो, आपण ॲल्युमिनियम का वापरत नाही?"

"कारण आपण कढया विकत नाही," बाबा म्हणाले.

तिथून जे सुरू झालं ते कितीतरी आठवडे चाललं. मी शनिवारी-रविवारी जायचे तेव्हा वाद ऐन रंगात असायचा. आई म्हणायची, ॲल्युमिनियम गंजत नाही. तुमचं लोखंड ओलीला टिकतं का? आटे पाडले की त्यावरचा जस्ताचा थर जातो आणि पहिला गंज तिथेच धरतो. बाबा म्हणायचे, ॲल्युमिनियम मऊ, शिडी आपटली तरी पोचा येतो, आटे जरा जोरात आवळले तर मरतात. आई म्हणायची, वीज लोखंडापेक्षा जास्त चांगली वाहून नेतं, म्हणजे अर्थिंगला उत्तम. बाबा म्हणायचे, सांधे नीट घासून घेतले तर उत्तम, आणि ते घासणार कोण? शेवटी बाबा आपला हुकमाचा एक्का काढायचे. ओला चुना किंवा सिमेंट ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं. प्लास्टरमध्ये पुरलं की पाइप सडतो, फुगतो आणि भिंत फोडतो. यावर आई ताटं उचलायला लागायची. ती इतकी वर्षं या धंद्यात होती, बाबांचं म्हणणं खरं आहे हे तिलाही ठाऊक होतं.

मला दोघांचाही संताप यायचा. वाद धातूचा नव्हताच. हलका पाइप आला तर आई पुन्हा कामावर जाऊ शकेल, नाहीतर नाही, हे तिघांनाही कळत होतं. पण आई खांद्याचं नाव घेईना, आणि बाबा तर दुखण्याखुपण्याबद्दल बोलणं हा जणू गुन्हाच समजायचे. एकदा मी म्हटलं, "अहो बाबा, तिच्या खांद्याचं काय ते बोला ना." ते म्हणाले, "आमटी वाढ."

तेवढ्यात सदाशिव पेठेतल्याच एका बाइंडिंगच्या कारखान्याचं काम आलं. कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या. मालकीणबाई पूर्वी शिक्षिका होत्या आणि निवृत्तीनंतर त्यांनी नवऱ्याचा हा व्यवसाय हातात घेतला होता. मागच्या भिंतीला ओल होती म्हणून ती उकरून नवं प्लास्टर करायचं होतं आणि त्याच भिंतीतून पाइप न्यायचा होता. शनिवार होता, मी घरी आले होते. बाबा जागा पाहायला निघाले. "मी नुसती बघायला येते," असं म्हणून आई माझ्या स्कूटरवर बसली. बाबांनी आपली स्कूटर सुरू केली.

बाईंनी सगळं दाखवलं. बाबांनी मापं घेतली, छत न्याहाळलं, भिंत हाताने चाचपली. मग घसा खाकरून म्हणाले, "इथे आपण ॲल्युमिनियम टाकू."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बाबा मात्र सुटले होते. ॲल्युमिनियम गंजत नाही, दिसायला स्वच्छ, अर्थिंगला उत्तम. आईची वाक्यं ते तिच्याच क्रमाने म्हणत होते. इतके आठवडे ज्याला त्यांनी कढई म्हणून हिणवलं त्याची ते घाम पुसत पुसत स्तुती करत होते आणि आईकडे मात्र बघत नव्हते. 

आई त्या भिंतीपाशी गेली. डाव्या हाताने तिने उकरलेल्या जागेत बोट फिरवलं.

"आणि इथे?" ती म्हणाली. "ओल्या प्लास्टरमध्ये? खाऊन टाकेल की त्याला."

"आपण त्याला रंग देऊ. डांबर लावू."

"एक ओरखडा गेला की संपलं. तुम्हीच सांगता ना? बाई, इथे लोखंडच हवं. जस्ताचा थर असलेलं, चांगलं जाड. आटे असतील तिथे रंग द्यायचा."

"ॲल्युमिनियम चालेल," बाबांनी आवाज चढवला.

"नाही चालणार. लोखंड."

आता बाबा ॲल्युमिनियमच्या बाजूने आणि आई लोखंडाच्या, असं भांडण त्या कागदाच्या ढिगाऱ्यांमध्ये जुंपलं. तिकडे पानं सुईने शिवणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"आधी आपापसात ठरवा," त्या म्हणाल्या. "भिंत कुठे पळून जात नाहीये."

"काय ठरवायचंय?" बाबा एकदम आईवर ओरडले. "लोखंड म्हणतेस, पण ते धरणार कोण? तू? तो हात घेऊन?"

 इतके महिने जे कुणी बोललं नव्हतं ते असं परक्या जागी, परक्या माणसांसमोर बोललं गेलं. आईचा चेहरा पडला. ती आता रडेल असं मला वाटलं आणि मी पुढे झाले. पण ती रडली नाही. तिने बाबांकडे पाहिलं, त्यांच्या दोन्ही धडधाकट हातांकडे पाहिलं.

"तुम्ही धरा," ती म्हणाली. "लाइन मी बघते."

बाबांनी आयुष्यात कुणासाठी पाइप धरला नव्हता. लाइन बघणं म्हणजे कारागिराचा मान, तो त्यांनी कुणाला दिला नव्हता. त्यांनी मापांची पट्टी गुंडाळून खिशात टाकली. मग बाईंना म्हणाले, "लोखंड. सोमवारी सुरू करतो."

सोमवारी मी रजा टाकून गेले. बाबांनी पाइप कापून, आटे पाडून तयार ठेवले होते. ते स्टुलावर चढले. पहिला लांब पाइप त्यांनी दोन्ही हातांनी छताला लावला. आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिने एक डोळा मिटला.

"वर," आई म्हणाली. "अजून जरा. खाली. हां, धरा तसेच."

ती सावकाश आली, खूण केली, परत गेली, पुन्हा पाहिलं. मान हलवली. पुन्हा पहिल्यापासून. तिला घाई नव्हती. ती काही त्यांना शिक्षा देत नव्हती, तिला लाइन सरळच हवी होती, जशी त्यांना हवी असायची. बाबांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांच्या दंडांना कंप सुटलेला मला खालून दिसत होता.

"अगं, लवकर बघ ना," ते शेवटी म्हणाले. "हात भरून आले."

"माझेही यायचे," आई म्हणाली.

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पाइप तसाच वर धरलेला.

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तुम्ही लाइन बघत होतात," आई म्हणाली.

बाबांनी पुन्हा छताकडे तोंड केलं आणि आई पुरे म्हणेपर्यंत पाइप खाली घेतला नाही.