आईने सोडलेल्या गाठी

लढाईच्या दिवसांत माझं पहिलं बाळंतपण मुरबाडला, एका खासगी डॉक्टरच्या तीन खोल्यांच्या दवाखान्यात झालं. किन्हवलीकडच्या आमच्या गावातल्या सुइणीने हात टेकले, तेव्हा आईने मला बैलगाडीत घातलं. पोचलो तर डॉक्टर कल्याणला गेलेला. दवाखान्यात एकटी नर्स, मद्रासकडची. तिला तिची भाषा येई, इंग्रजी येई आणि कामापुरते दहा-बारा हिंदी शब्द. आम्हाला आमची मराठी, बस. त्या दहा-बारा शब्दांतला ‘चुप’ तिच्या फार आवडीचा. मला अजून तिचा राग येतो, आधीच सांगितलेलं बरं.

आमच्याकडे बाईचं अडलं की घरातल्या साऱ्या गाठी सोडतात. पेटीचं कुलूप काढतात, डब्यांची झाकणं उघडतात, दावणीची गुरं सोडतात, बायका अंबाडे सोडून बसतात. बांधलेलं, मिटलेलं काही म्हणजे काही ठेवायचं नाही. घरी आईने हे सगळं केलंच होतं. दवाखान्यात शिरल्यावर तिने चहूकडे पाहिलं, तर जिकडेतिकडे झाकणं आणि कुलपं.

नर्स पाणी तापवायला मागे गेली, तशी आई कामाला लागली. खिडक्या उघडल्या, बरण्यांची झाकणं काढून ओळीने ठेवली. औषधांच्या कपाटाला किल्ली लावलेलीच होती. तिने दोन्ही दारं सताड उघडली. आत नर्सची स्वतःची कापडी पिशवी होती, तिची नाडी सोडायला घेतली. नर्स दारात आली ती नेमकी तेव्हा.

“चोर,” ती म्हणाली.

तिच्या सगळ्या शब्दांत एवढा एकच आईला कळणारा निघाला. आई पिशवी हातात घेऊन उभीच राहिली. “नाय गो बाय, लेकीचं अडलंय म्हणून...” पुढचं ऐकायला नर्स थांबली नाही. मनगट धरून तिने आईला बाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

दोघींच्या मनातलं मला एकटीला ठाऊक होतं. मी ओरडत होते, “गाठ सोडत होती ती, गाठ,” आणि नर्स म्हणत होती, “चुप.” तिला दाखवावं म्हणून मी माझ्या पदराची गाठ ओढून सोडली, तर तिने माझ्यावर चादर पांघरली. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. कळा पुढे विसरले, ती चीड नाही विसरले.

दुपारी मुलगा झाला. नर्सच्या हाताला गुण होता, तेवढं कबूल करते. मग तिने कडी काढली. बाहेर पायरीवर आई केस सोडून बसली होती. शेजारी आमचं गाठोडं सोडलेलं, बैल सोडलेले, गाडीचे दोर उलगडून मातीत पसरलेले. नर्स बघत राहिली. आत येऊन तिने उघड्या बरण्यांकडे पाहिलं, आपल्या पिशवीकडे पाहिलं. परत जाऊन ती आईसमोर उकिडवी बसली, हात जोडले आणि आपल्या भाषेत खूप वेळ बोलली. 

आईने दारातूनच मला विचारलं, “काय म्हंते गो ती?”

मला कळलं होतं. त्याला भाषा कशाला लागते? पण मी अजून पेटलेली होते, आणि तिला इतक्या सहज सुटू द्यायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, “काय समजत नाय.”

आईने केस बांधले. आत येऊन नातवाला घेतलं, पण आम्ही होतो ते तीन दिवस तिथलं पाणी तोंडाला लावलं नाही. पुढे कधीही मुरबाडचा विषय निघाला की म्हणायची, “तिथं मला चोर म्हटलं.” म्हातारपणीसुद्धा म्हणायची. नर्सचा तेवढा एक शब्द घेऊन ती गेली. बाकीचे मी तिच्यापर्यंत पोचू दिले नाहीत.