लेकरांसकट आठ

आमच्या मिस्त्रीचा हात आधी गाडीच्या टपावर पडायचा आणि गिऱ्हाईक वाकडं बोललं, की मग गिऱ्हाइकाच्या कानाखाली. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या मालेगावात, वाशीम रोडवर, माझ्या घराला लागूनच त्याचं गॅरेज होतं. जुन्या गाड्या दुरुस्त करायचा, विकायचाही. गाडी बघायला कोणी आलं, की टपावर थाप मारून एकच विचारायचा, "लेकरू मोजलं काय?"

तुम्ही आमच्याकडचे असाल तर हा प्रश्न लगेच कळेल. आमच्याकडे गाडीत माणसं मोजताना लेकरं मोजत नाहीत. "पाचच जन हाओत" म्हणतात, आणि गाडी थांबली की आतून नऊ उतरतात. मांडीवरचं धरायचं नाही, फटीत कोंबलेलं धरायचं नाही, आणि डिकीतली तर नाहीतच नाहीत. मी शाळेत गणित शिकवतो, पण गाडीजवळ मीही तसंच मोजत आलो.

मिस्त्री गिऱ्हाइकाचं अख्खं घरदार बोलावून घ्यायचा. म्हाताऱ्यांपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांना आत बसवायचा, दारं लावायचा आणि कमरेवर हात ठेवून बाहेर उभा राहायचा. आतल्यांचा जीव कासावीस झाला, की म्हणायचा, "आता सांगा, पुरते काय?"

केनवडचा एक जण मात्र एकटाच आला आणि वर म्हणाला, "पोट्टे काय, डिकीत बसतीन!" मिस्त्रीनं त्याची गचांडी धरली, त्यालाच डिकीत कोंबलं आणि पान्यानं वरून पत्रा बडवायला लागला. आतून तो बोंबलत होता, बाहेर आम्ही चहा पिणारे पोट धरून हसत होतो. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या नाकातून भळाभळा रक्त येत होतं. आमचं हसू तिथंच विरलं. संध्याकाळी त्याच्या भावांनी येऊन मिस्त्रीचे पुढचे दोन दात पाडले. दुसऱ्या दिवशी सुजल्या तोंडानं हा पुन्हा तेच विचारत होता.

मला तो आवडायचा. भीतीही तेवढीच वाटायची.

माझा मोठा भाऊ गेल्यापासून वहिनी आणि तिची लेक आमच्याकडेच असतात. आई, बाबा, मी, बायको, माझी दोन मुलं आणि या दोघी, असे आम्ही आठ. मला घ्यायची होती उंच गाडी. शोरूमवाला तिला क्रॉसओव्हर म्हणायचा. सीट पाच. शाळेतल्या दोघा मास्तरांनी घेतली होती, म्हणून मलाही हवी होती. दुसरं कारण सांगितलं तर ते खोटं ठरेल.

मिस्त्रीकडे आठ सीटची एक जुनी व्हॅन उभी होती, पावाच्या डब्यासारखी दिसणारी. "हे घे मास्तर. सारं घर मावते."

"हा डबा घेऊन शाळेत जाऊ काय?"

"उंच गाडीत कोनी ना कोनी घरी राह्यते. नाईतर डिकीत राह्यते. पाह्यजो."

मी उंच गाडी घेतली. पेढे द्यायला गेलो, तर त्यानं पेढाही घेतला नाही आणि टपावर थापही मारली नाही.

दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचं ठरलं. वहिनी आपणहून म्हणाली, "मले नाई याचं. घर पाह्याले कोनी पाह्यजे ना." मी एका शब्दानंही आग्रह केला नाही. पुढे बाबा, मागे आई, बायको आणि माझी दोघं. वहिनीची नऊ वर्षांची पोर सतरंजी टाकून डिकीत. "मस्त लोळत ये," मी तिला म्हणालो.

सकाळी गाडी रस्त्यावर घेतली, तोच मिस्त्रीनं व्हॅन आडवी घातली. हातात चाकं खोलायची लोखंडी टामी.

"पोरीले डिकीतून काढ."

"बाजूला हो, उशीर होऊन राह्यला."

पहिला घाव पुढच्या काचेवर बसला. आई किंचाळली. तो मागे धावला. "पोरी, डोकं खाली घाल!" असा ओरडला आणि त्यानं डिकीची काच फोडली. काचेसकट पोरीला बाहेर ओढलं तेव्हा तिचा दंड कापला गेला होता.

मग मी त्याला मारलं. रस्त्यावर पाडून, छातीवर बसून मारलं. सगळ्या मालेगावात कोणालाही न सोडणाऱ्या त्या माणसानं माझ्यावर हात उचलला नाही. माझ्या मुठी त्याच्या रक्तानं चिकट झाल्या तरी मी थांबत नव्हतो. बाबांनी कॉलर धरून ओढलं तेव्हा थांबलो. पोरीला सात टाके पडले. मी तक्रार दिली आणि पोलीस त्याला घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको आमच्या ओसरीवर येऊन बसली. आम्ही सगळे तिला भाभी म्हणायचो. मला वाटलं, 'तक्रार मागे घ्या' म्हणेल. ती म्हणाली, "आमाले एक पोरगी होती, मास्तरभाऊ. लग्नाले जाऊन राह्यलो होतो. डिकीत बसवली होती तिले. मागून ट्रकनं ठोकलं. यायनं ट्रकवाल्याले खाली ओढून इतकं मारलं का त्याचा एक डोळा गेला. जेल भोगली. पन ट्रकवाल्याची चूक नोती. भर रस्त्यात गाडी यायनंच उभी केली होती. आन लेकरं काय मोजाचे, असंबी यायनंच म्हनलं होतं."

"मग तो मला कधी बोलला काहून नाही?"

"कोन्या तोंडानं सांगतीन?"

ती गेल्यावर मी पुतणीला जवळ घेतलं. "हात दुखते काय?"

"दुखते. पन काका, डिकीत मले भेव लागत होतं."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"जागा नोती ना."

मी तिच्यासमोरच रडलो. माझी दोघं सीटवर आणि गेलेल्या भावाची लेक डिकीत, हे गणित मीच मांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घ्यायला निघालो, तर गॅरेजसमोर माणसं जमलेली. आदल्या दिवशी तो जामिनावर सुटून आला होता. पहाटे छातीत कळ आली आणि अकोल्याला नेईपर्यंत संपला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या छातीवर बसून मी मारलं होतं, हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यानंच तो गेला काय, हे अजून कोणालाच विचारलेलं नाही.

मिस्त्रीचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी उंच गाडी विकली आणि व्हॅन मागायला भाभीकडे गेलो. ती म्हणाली, "साऱ्यायले घेऊन या." आम्ही सगळे बसलो. पुढे मी आणि बाबा, मध्ये आई, बायको आणि खिडकीशी वहिनी, मागे तिन्ही मुलं.

भाभीनं मागून मोजायला सुरुवात केली. एकेका लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. तिघं झाली. मग पुतणीच्या बाजूला वीतभर जागा उरली होती, तिथं तिनं तळवा टेकला आणि म्हणाली, "चार." तशीच पुढे मोजत आली. माझ्यापाशी नऊ झाले.

बाबा बोलायला गेले. मी त्यांचा हात दाबला.

"हाव भाभी, नऊच," मी म्हणालो.

मागे पुतणी टाक्यांचा हात सांभाळत माझ्या मुलांकडे सरकली आणि तिनं ती जागा आणखी मोठी केली.