कपाळावरचा काळा ठिपका

कवठे महांकाळचे धोंडिरामकाका अजून अंधाऱ्या खोलीत काळेपांढरे फोटो धुतात आणि वरून कापसाच्या बोळ्यानं तैलरंग चढवतात. नानासोची आई, तानुबाई, वारली. भिंतीवर लावायला तिचा एकच फोटो निघाला, नवरा असतानाचा, कपाळावर ठसठशीत कुंकू. तो घेऊन नानासो काकांकडे आला.

"आवं काका, आई विधवा गेली. कुंकू घालवा, भावकी नावं ठेवंल."

मेल्यावरही बाईच्या कपाळाची यांना पंचाईत. काका चिडले, पण कामाला बसले. पातळ रंगातून फोटोत काळं उमटलेलं कुंकू पुन्हा वर दिसायचं. शेवटी त्यांनी जाड रंग थापला आणि कपाळाशी जुळावा म्हणून सगळा चेहराही थापला.

नानासो बघतच राहिला. "ही आमची आई वाटंना."

"मग कुंकू ठेवू?"

"न्हाई. हीच द्या."