उकंडरावाचं फ्रेंच

जानेफळच्या उकंडरावाला फ्रेंच येत होतं आणि ते गावात कोणाच्याच कामाचं नव्हतं. पहिल्या मोठ्या लढाईत तो फौजेच्या खेचरांमागे फ्रान्सला गेला, तिथं तोफगोळ्याच्या कपचीनं त्याचा जबडा फुटला. दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या नर्सनं त्याला पुन्हा बोलायला शिकवलं, तिच्या भाषेतली लांबलचक क्रियापदं तोडून तोडून. एक तुकडा ती म्हणायची, पुढचा त्यानं म्हणायचा.

गावी परतल्यावर मराठीही तो तशीच तोडून बोले. पण आमच्या चावडीला एवढा धीर कुठला! त्याचा दुसरा तुकडा येईस्तोवर कोणीतरी वाक्य भलतंच पुरं करी आणि सगळे हसत. त्यानं चावडी सोडली. ज्वारी राखायच्या माळ्यावर बसून एकटाच फ्रेंच बोलायचा. लोक म्हणाले, बाहेरचं लागलं. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

माझं शेत त्याच्या बांधाला लागून, म्हणून पुढचं मला ठाऊक. त्याची बायको झुंबरबाई भाकर घेऊन यायची. एकदा तिनं विचारलं, हे रोज काय म्हणता? तो सांगत गेला, ती डोक्यावरची पाटी न उतरवता ऐकत राहिली. नू-नू-स-ऱ्यों-पार-ले. म्हणजे, आपण एकमेकांशी बोललो असतो.

"मंग बोला ना आता," ती म्हणाली. "मी अठीच उभी हाये."

तेव्हापासून वरून त्याचं 'नू', खालून तिचं 'नू'. त्याचं 'स', तिचं 'ऱ्यों'. त्याचं 'पार' झालं की शेवटचं 'ले' ती असं ठणकावून म्हणे की कणसांवरची पाखरं उडत. मग दोघं घरचं बोलत, बैलाचं, मिठामिरचीचं. त्याला वाक्य पुरं करू देणारं गावात तेवढं एकच माणूस होतं.

पटकीच्या साथीत ती गेली. दहाव्याला सगळे त्याच्याशी बोलले, पण त्याचं ऐकायला थांबलं कोणी नाही. मला फार वाईट वाटलं.

ज्वारी हुरड्यावर आली तसा तो पुन्हा माळ्यावर चढला. मी बांधावर होतो. 'नू,' तो म्हणाला आणि थांबला. बऱ्याच वेळानं 'स.' मग 'पार.' तिचे तुकडे त्यानं म्हटले नाहीत, त्यांची जागा सोडली.

मला सगळं पाठ होतं. 'ले' अगदी ओठांवर आलं. पण तो खाली बघत होता, ती पाटी घेऊन उभी राहायची तिथं. मी गप्प बसलो.