लाइट आली की गोष्ट अर्धी

कापसाची धूळ आणि किस्से, दोन्ही सारखेच. कितीही झाडा, कानाकोपऱ्यात साचतातच! शेलार गावातल्या एका कापड विणायच्या लूमच्या शेडमध्ये मी मेहता होतो, म्हणजे देखरेखीपासून चहा मागवण्यापर्यंत सगळं माझ्याकडेच. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. लोडशेडिंग पाचवीलाच पुजलेलं. लूम चालू असले की कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. लाइट गेली की एकदम शांतता! मग लूम दुरुस्त करणारे आमचे जॉबर रामदासकाका गोष्ट सुरू करायचे. थोडं विहारात ऐकलेलं, थोडं पदरचं. अडचण एकच, लाइट आली की गोष्ट अर्धीच राहायची.

आमचे शेठ मूळचे दिघाशीचे. शेताच्या बांधावरून धाकट्या भावाशी त्यांचं फाटलं होतं. आई तिकडेच गावी धाकट्याकडे, अंथरुणाला खिळलेली. तरी शेठ त्या घराची पायरी चढत नव्हते. हा विषय शेडमध्ये काढायची कुणाची छाती नव्हती.

*

एकदा काका कंजुषाची गोष्ट सांगत होते. दारात तहानलेला वाटसरू, कंजुषाच्या हातात भरलेला तांब्या... आणि लाइट आली!

दुसऱ्या दिवशी शेडच्या दाराबाहेर नवा माठ. आमचे सगळ्यात जुने कारागीर करीमचाचा, त्यांनी आणून ठेवलेला. काकांनी कपाळावर हात मारला. "अरं चाचा, त्यानं पानी दिलंच न्हाय! गोष्ट पुढं हाय!"

चाचा म्हणाले, "तो कल बताना था ना! अब रख दिया तो रख दिया."

माठ राहिला. अंबाडीकडे जाणारे टेम्पोवालेसुद्धा थांबून पाणी प्यायचे.

*

रमजानात एकदा चाचांनी गोष्ट सांगितली. दोन शेजारी, एकाच्या घरी चूल पेटलेली, दुसऱ्याच्या घरी विझलेली. चाचांनी ती इतकी रंगवली की काकांना डबा उघडवेना. डब्यात सुके बोंबील होते, तेही काकूंच्या हातचे! काका दिवसभर तसेच फिरले आणि संध्याकाळी चाचांच्या शेजारी बसूनच जेवले.

"रोजा चाचाचा, नि कडकडून भूक मला!" म्हणाले.

*

मग शेठनी जनरेटर आणला. आमची तोंडं पडली. आता कसल्या गोष्टी!

पहिल्याच दिवशी लाइट गेली. मी जनरेटरकडे धावलो, तर केबिनमधून शेठ ओरडले, "राहू दे! डिझेल न्हाय त्याच्यात."

डिझेल सकाळीच मी माझ्या हातानं भरलं होतं! पण केबिनचं दार उघडं होतं, आणि काकांनी गोष्ट सुरू केली होती. मी गुपचूप येऊन बसलो.

*

आम्ही कुणी संत झालो नाही. शिव्या चालूच होत्या, शिफ्टवरून भांडणंही. पण कुणी फार ताणलं की दुसरा म्हणायचा, "तांब्यावाला झालास काय रे?" आणि दोघंही हसायचे. त्या माणसांची फार आठवण येते.

*

एका दुपारी लाइट गेली आणि काकांनी थेट दोन भावांची गोष्ट काढली! आम्ही सगळ्यांनी केबिनकडे बघितलं. केबिनचं दार उघडंच होतं. थोरला भाऊ कित्येक वर्षांनी धाकट्याच्या दारात उभा. आत आई. त्यानं कडीला हात घातला...

लाइट आली. लूम धडाडले.

शेठ केबिनमधून बाहेर आले, भिंतीजवळ गेले आणि मेन स्विच खाली ओढला. लाइट असताना! मालकानं!

"पुढं?" शेठ म्हणाले.

काका घाबरले होते, पण बोलले. "मला एवढीच येते, शेठ."

"मंग शेवट कोनाला म्हाईत?"

"दिघाशीला इचारा."

शेठ तडक शेडबाहेर गेले. बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज तेवढा आला. स्विचला हात लावायला कुणी उठेना, काकांनी तर चहासुद्धा घेतला नाही.

दिवेलागणीला मोटरसायकल परत आली. मागच्या सीटवर धाकटा भाऊ, मांडीवर आईनं धाडलेला डबा घेऊन. दोघांचेही डोळे सुजलेले. शेठ आत आले आणि एकदम भडकले. "लाइट हाय नि लूम बंद? झोपलाव का सगळी?"

चाचा उठून उभे राहिले. "नहीं सेठ, कहानी पूरी होने की राह देख रहे थे."